घांद्रुकला एक रात्र कमी पडते, दोन ठेवा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही ऐरोलीला राहता. तुम्ही, यजमान आणि नववीतली मुलगी असे तिघं दिवाळीच्या सुट्टीत नेपाळला ट्रेकला जायचं म्हणताय. कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड तिघांनीही केलाय. एका एजन्सीने घोरेपानी-पूनहिलचा कार्यक्रम दिलाय: २२ जणांचा गट, तीन रात्री वाटेवरच्या लॉजमध्ये, शेवटची एक रात्र घांद्रुक गावात होमस्टे आणि परतताना काठमांडूत दीड दिवस फिरणं आणि खरेदी. तुम्ही विचारलंय की हे आपल्याला जमेल का, गाईड खरंच लागतो का, होमस्टे खरा आहे हे ओळखायचं कसं, आणि शाकाहारी माणसांचे हाल तर होणार नाहीत?

मी ठाण्यातून गेली २२ वर्षं ट्रेक नेते. सुरुवात माहुली, गोरखगड, हरिश्चंद्रगडापासून झाली. पुढे हिमालय आणि त्यातही नेपाळचा अन्नपूर्णा भाग. तेव्हा सरळ सांगते. ट्रेक तुम्हाला जमेल. कार्यक्रमात मात्र एक बदल करून घ्या: काठमांडूची खरेदी काढा आणि तो दिवस घांद्रुकला द्या, त्याच घरात. बाकीच्या सूचना तुम्ही कमीजास्त केल्यात तरी चालेल, ही एक धरून ठेवा. कारण पुढे सांगतेच.

आधी जमण्याचं बोलू. पूनहिल ३,२१० मीटरवर आहे आणि आपलं कळसूबाई १,६४६ वर, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आकडा ऐकून घाबरू नका. पूनहिलवर आपण पहाटे जातो, सूर्योदय बघतो आणि खाली येतो. सगळ्यांत उंचावरचा मुक्काम घोरेपानीचा, साधारण २,८७० मीटरचा. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होऊ शकतो. त्यामुळे घोरेपानीला एखाद्याचं डोकं दुखेल, भूक जाईल, झोप नीट लागणार नाही. तसं झालं तर पहाटे पूनहिलला जायचं नाही. खोलीत थांबायचं, पाणी प्यायचं, गाईडला सांगायचं. दुखणं वाढलं, चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर वेळ-काळ न बघता खाली उतरायचं. मुलीला हे निघण्यापूर्वीच समजावून ठेवा. या वयाची मुलं गटापुढे कमीपणा नको म्हणून दुखणं लपवतात. मी हे अनेकदा पाहिलंय.

यजमानांना रक्तदाबाची गोळी आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्या डॉक्टरांना उंचीचे हे आकडे दाखवून विचारा. गोळ्या पोर्टरकडच्या बॅगेत टाकू नका, स्वतःच्या पाठीवर ठेवा. संध्याकाळी पोर्टर मागे राहिला तर त्या रात्री गोळी मिळायची नाही.

या ट्रेकची खरी परीक्षा गुडघ्यांची असते. तिखेढुंगा ते उल्लेरी या दोन गावांमध्ये तीन हजारांहून जास्त दगडी पायऱ्या आहेत. आता उल्लेरीपर्यंत जीप जाते आणि बऱ्याच एजन्सी तिथूनच चालायला सुरुवात करतात. चढ असा वाचला तरी घोरेपानीहून ताडापानीची वाट वर-खाली करत जाते, आणि ताडापानीहून घांद्रुकला जंगलातून सहाशे मीटरहून जास्त उतार आहे. आपल्याकडचे लोक तयारी म्हणून चढतात आणि लिफ्टने खाली येतात. तुम्ही उलटं करा. तुमच्या इमारतीला पंधरा-वीस मजले असतील तर लिफ्टने वर जा आणि पाठीवर पाच-सहा किलोंची सॅक घेऊन जिन्याने उतरा. आठवड्यातून तीनदा, आठ आठवडे. पंधरा दिवसांनी एकदा पारसिक हिलचा चढ-उतार, आणि महिन्यातून एखादा माहुली किंवा प्रबळगड. ट्रेकिंग पोलही तेव्हापासूनच हातात धरा.

आता गाईड. १ एप्रिल २०२३ पासून नेपाळने परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाईड सक्तीचा केलाय, आणि परदेशी म्हटलं की आपणही आलो. पण नियम नसता तरी मी घ्याच म्हटलं असतं. घोरेपानीची वाट इतकी मळलेली आहे की चुकणं अवघड. गाईड लागतो तो कोणी कुठे थांबायचं, कोणाला मागे फिरवायचं हे ठरवायला, आणि गावात पोचल्यावर दोन घरांमधला दुवा व्हायला. हे दुसरं काम एजन्सीच्या पत्रकात कधी लिहिलेलं नसतं.

एका वर्षी आमचा गाईड वाटेवर उत्तम होता, पण दुसऱ्या भागातला होता, गुरुंग, म्हणजे इथल्या गावांतल्या समाजाचा, नव्हता. गावातल्या घरी आम्ही चुलीजवळ बसलो. आमा, म्हणजे घरातली आई, हसल्या, आम्ही हसलो, चहा झाला आणि सगळे झोपायला गेलो. पुढच्या वर्षी शेजारच्याच गावचा गुरुंग गाईड मिळाला आणि तेच घर आमच्याशी बोलायला लागलं. घरातले बाजे, म्हणजे आजोबा, भारतीय फौजेच्या गोरखा पलटणीत होते. फौजेत गेलेल्या माणसाला तिकडे लाहुरे म्हणतात. मी महाराष्ट्रातली हे कळल्यावर ते उठून आत गेले आणि फौजेतला जुना फोटो घेऊन आले. 'पुणे स्टेशन' असं दोनदा म्हणाले, आणि मग तिथल्या चहाची, गर्दीची, पहिल्या पगाराची गोष्ट. रात्रीचे दहा कधी वाजले कळलं नाही. आदल्या वर्षीही तो फोटो त्याच घरात होता, फक्त विचारणारं कोणी नव्हतं.

म्हणून एजन्सीला पहिला प्रश्न हा विचारा: गाईड कोण, कुठल्या गावचा, परवाना आहे का? दुसरा, २२ जणांमागे किती? एक गाईड म्हणाले तर नको म्हणा. सहा-सात जणांमागे एक जबाबदार माणूस हवा, नाहीतर पुढच्या आणि मागच्या माणसात दोन तासांचं अंतर पडतं. तिसरा प्रश्न पोर्टरबद्दल: त्यांचा विमा आहे का, आणि एकाच्या पाठीवर किती ओझं देणार? आमच्या गटात वीस किलोंच्या वर आम्ही देत नाही. तुमच्या तिघांचं सामान वीस किलोंत बसलं पाहिजे असं मनाशी धरूनच भरा. नीट भरलं तर बसतं.

होमस्टे. नेपाळमध्ये याची सुरुवात १९९७ मध्ये स्यांग्जा जिल्ह्यातल्या सिरुबारी गावात झाली. भारतीय लष्करातून निवृत्त झालेल्या एका गुरुंग कप्तानाने गावाला तयार केलं. मग लमजुंगचं घलेगाव नावारूपाला आलं, आणि २०१० मध्ये सरकारने होमस्टेचे नियम केले. चांगल्या सामुदायिक होमस्टेत गावाची समिती असते. पाहुणे कोणाकडे उतरणार हे समिती पाळीने ठरवते. तिकडे पाळीला 'पालो' म्हणतात. प्रत्येक पाहुण्यामागे थोडे पैसे गावाच्या निधीत जातात आणि बाकीचे त्या घरात राहतात. म्हणजे रस्त्यालगतचं मोठं घर सगळे पाहुणे खेचून घेत नाही, वरच्या आळीतल्या म्हातारीलाही तिची पाळी मिळते.

घांद्रुक मात्र प्रसिद्ध गाव आहे. साधारण दोन हजार मीटरवर, समोर अन्नपूर्णा साउथ आणि माछापुच्छ्रे ही शिखरं. त्यामुळे तिथे चांगली हॉटेलं आणि लॉजही भरपूर आहेत, आणि काहींच्या पाटीवर होमस्टे लिहिलेलं असतं. फरक ओळखायला फार अक्कल लागत नाही. हातात मेनूकार्ड आलं आणि त्यात पास्ता-पिझ्झा दिसला तर तो लॉज. तिथे राहणं वाईट नाही, फक्त ते तुम्ही मागितलेलं नाही. घरात राहिलात तर त्या रात्री घरात जे शिजलंय तेच तुमच्या ताटात येतं. तुमच्या एजन्सीला विचारा की २२ जण किती घरांत विभागणार. सगळे एकत्रच राहतील असं उत्तर आलं, तर तो लॉज आहे. एका घरात तीन-चार पाहुणे, फार तर पाच. तुमचं त्रिकूट एका घरात आणि घराचं नाव निघण्यापूर्वी हातात, एवढं मागून घ्या. पैसे घराला थेट मिळतात की मधल्या कोणामार्फत, हेही विचारा. उत्तर द्यायला माणूस अडखळला की कळतंच.

आता दोन रात्रींचं कारण. ताडापानीहून उतरून तुम्ही दुपारी उशिरा घांद्रुकला पोचाल. पाय दुखत असतील. आधी आंघोळीचं गरम पाणी, मग फोनचं चार्जिंग, मग जेवण, आणि आठ वाजता डोळे मिटतील. सकाळी डोंगराचे फोटो, नाश्ता आणि जीप. त्या घराने तुम्हाला झोपलेलं पाहिलं आणि तुम्ही त्या घराची उशी पाहिली. याला मुक्काम म्हणवत नाही माझ्याने. आपण हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याशी पाचनईला एखाद्या घरी पिठलं-भाकरी खातो, पडवीत पाठ टेकतो आणि पहाटे गडावर निघतो. तिथल्या मावशींच्या घरात माणसं किती, हे तुम्हाला दुसऱ्या खेपेलाच कळलं असेल ना? तसंच आहे हे.

दुसऱ्या दिवशी घाई नसते. दिवाळीनंतरचे दिवस म्हणजे तिकडे कोदो काढायचे दिवस. नेपाळीत कोदो म्हणजे आपली नाचणी. आपल्याकडचा कोद्रा वेगळा, म्हणून मुद्दाम सांगते. उतारावरच्या पायरीपायरीच्या शेतात बायका विळ्याने कणसं कापतात, डोकीवरच्या पट्ट्याने पाठीवर डोको पेलतात. डोको म्हणजे बांबूची निमुळती टोपली. मुलीला त्यांच्यासोबत तासभर जाऊ द्या. तिला काम येणार नाही, त्या हसतील, पण शिकवतील. दुपारी गावातलं छोटं गुरुंग संग्रहालय बघा, धाऱ्यावर, म्हणजे गावाच्या पाणवठ्यावर, कपडे धुवा, चहाला बोलावतील तिथे बसा. संध्याकाळी घरी परताल तेव्हा आमा तुम्हाला नावाने हाक मारतील. पहिल्या रात्री त्या 'पाहुना' म्हणत होत्या.

इथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. खूप वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात १८ जणांचा गट नेला होता. समितीने घरं वाटून दिली. आमच्यातल्या एका जोडप्याने घर बदलून मागितलं, कारण शौचालय अंगणापलीकडे होतं. मी बदलून दिलं. मला वाटलं, पैसे तर दोन्ही घरांना देते आहे, मग काय बिघडलं? निघताना गाईडने सांगितलं की त्या बाईंची पाळी खूप दिवसांनी आली होती. पाहुणे येणार म्हणून त्यांनी आदल्या दिवशी भिंती लाल मातीने सारवल्या होत्या. पैसे त्यांनी घेतले, पण शेजाऱ्यांसमोर दारातून पाहुणे परत गेले ते गेलेच. मी माघारी जाऊन माफी मागितली. त्यांनी मला बसवून चहा दिला आणि एक शब्द बोलल्या नाहीत. तेव्हापासून निघण्याच्या महिनाभर आधी मी सगळ्यांना घरी बोलावते आणि शौचालय बाहेर असेल, गादी पातळ असेल, गरम पाण्याची एकच बादली मिळेल, हे आधी सांगते. ज्यांना नको त्यांच्यासाठी लॉज ठरवते. लॉज मागण्यात कमीपणा नाही. घर मागून दारातून फिरणं मात्र करू नका.

जेवणाची काळजी सोडा. शाकाहारी हा शब्द तिकडे समजतो, फक्त पोचल्यावर नाही तर आदल्या दिवशी गाईडकरवी कळवा. नाहीतर पाहुण्यांसाठी कोंबडी कापली जाईल आणि मग दोघांचीही पंचाईत. दाल-भात-तरकारी सकाळ-संध्याकाळ, आणि भात हवा तेवढा. पोट भरलं की 'पुग्यो' म्हणायचं. हात आडवा धरूनही वाढतीलच, अगदी आपल्या आजीसारखं. ढिंडो मिळाला तर नक्की खा, नाचणीच्या पिठाची घट्ट उकड असते. गुंद्रुक म्हणजे आंबवून वाळवलेली पालेभाजी. पहिला घास आंबट-उग्र लागतो, तिसऱ्या घासाला आवडतो.

आणि टिमूर! मी मूळची मालवणकडची. एकदा आमांच्या स्वयंपाकघरात चटणी वाटली जात होती आणि मला एकदम बांगड्याच्या तिखल्याचा वास आला. टिमूर आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली झाडं आहेत, बहिणीबहिणीच म्हणा. पुढच्या खेपेला मी सॅकमधून तिरफळं नेली. आमांनी दोन बोटांत चुरडून वास घेतला आणि काहीही न बोलता आपल्या डब्यातून मूठभर टिमूर माझ्या ओंजळीत घातला. तेव्हापासून भेट म्हणून मी तिरफळं, कोकम किंवा घरचा मसाला नेते. पोरांना वाटेवर चॉकलेटं किंवा पैसे वाटू नका. त्याने ती पाहुण्यांमागे हात पसरून धावायला शिकतात.

घरात वागायचं कसं, हे तुम्हाला फार शिकवावं लागणार नाही. उष्टं पाळतात, त्याला 'जुठो' म्हणतात. आपल्या ताटातला चमचा वाढपाच्या भांड्याला लावायचा नाही, सगळ्यांची बाटली तोंडाला न लावता वरून प्यायची. चुलीत कागद-प्लास्टिक टाकायचं नाही आणि बोलावल्याशिवाय चुलीजवळ जायचं नाही. चपला बाहेर. मासिक पाळीच्या दिवसांत काही घरांत स्वयंपाकघराबाबत नियम असतात. आपल्या मनाला ते पटोत न पटोत, गाईडच्या बरोबर बाई असेल तर तिच्याकरवी आधी विचारून घ्या, आणि सॅनिटरी पॅडचा कचरा बंद पिशवीत परत पोखरा शहरात आणा. गावात तो टाकायला जागा नसते.

भाषेचं एक सुख आहे. पाट्या देवनागरीत असतात. मुलीला वाटेवर वाचायला लावा: पसल म्हणजे दुकान, चिया म्हणजे चहा, तातो पानी म्हणजे गरम पाणी, उकालो चढ, ओरालो उतार. हिंदी बहुतेकांना समजते, पण पहिलं वाक्य हिंदीत हुकूम सोडल्यासारखं नको. आधी नमस्ते, मग दाइ (दादा) किंवा दिदी, मग विचारा. मोठ्यांशी 'तपाईं', म्हणजे आपलं 'आपण'. गाईड 'बिस्तारै' म्हणाला की तो तुम्हाला सावकाश चला म्हणतोय, थकलात असं हिणवत नाहीये.

कागदपत्रं आणि पैसे पटकन सांगते. व्हिसा लागत नाही. विमानाने जाताना मोठ्यांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, आधारवर भरवसा ठेवू नका. मुलीचा पासपोर्ट काढून घ्या. अन्नपूर्णा क्षेत्राचा परवाना सार्क देशांच्या नागरिकांना नेपाळी १,००० रुपये, आपले ६२५. नेपाळी रुपया आपल्या रुपयाशी १.६० ला बांधलेला आहे, त्यामुळे हिशेब सोपा. भारतीय नोटा नेल्यात तर शंभरच्या न्या, आणि पोखरा सोडताना नेपाळी रोख जवळ ठेवा. डोंगरात फोनवरून पैसे देण्यावर विसंबू नका. प्रवास विमा घेताना ट्रेकिंग आणि ४,००० मीटरपर्यंतची उंची त्यात आहे का हे वाचा, हेलिकॉप्टरने खाली आणण्याचा खर्च आहे का तेही. परतीच्या विमानाआधी एक दिवस काठमांडूत मोकळा असलाच पाहिजे, कारण पोखरा-काठमांडू २०० किलोमीटरचा रस्ता कधी सात तासांत होतो, कधी त्याहून खूप उशिरा. मी काढायला सांगितली ती खरेदी, हा मोकळा दिवस नाही.

तारखा. तिकडे दशैं म्हणजे आपलं नवरात्र-दसरा आणि तिहार म्हणजे दिवाळी. या दिवसांत गाईड-पोर्टर आपापल्या घरी जायला बघतात, गाड्या भरून वाहतात आणि घरांत स्वतःच्याच लेकी-सुना आलेल्या असतात. भाऊबीज उरकून निघालात तर सगळं जागेवर आलेलं असतं, आकाश स्वच्छ असतं, रात्री थंडी मात्र कडक. घोरेपानीला डाउन जॅकेट आणि कानटोपी लागेल, घांद्रुकला साधा स्वेटर पुरतो.

एजन्सीला उद्याच फोन करा आणि दोन नावं मागा, गाईडचं आणि घराचं. ती मिळाली आणि घांद्रुकच्या दोन रात्री कबूल झाल्या की मगच आगाऊ रक्कम भरा. त्यानंतर मुलीचे बूट घ्या, अर्धा नंबर मोठे. निघण्यापूर्वी सहा आठवडे तरी ते जिन्यावर वापरून झालेले असले पाहिजेत.